विद्यालयाची भाषा आणि कचेरीची भाषा

पेशवाईच्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मुलखात लिहिण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. पोथी बाळबोधीत लिहिली जाई. हिशेब, पत्रे आणि दप्तरे मोडीत लिहिली जात. पुण्यात जी स्थिती तीच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी दरबारांच्या कचेऱ्यांत होती. बाळबोध अक्षर शिकलेल्या मुलाला धर्मग्रंथ वाचता येत, परंतु कारकुनीची जागा मिळवायची तर मोडीचे वळण हाताला लागले पाहिजे असे. त्यामुळे मुलाला आधी काय शिकवावे, ज्ञानाची लिपी की पोटाची लिपी, हा प्रश्न पंतोजींना आणि पालकांना दोघांनाही पडत असे.

तोच प्रश्न गेली साठ-सत्तर वर्षे जगातील महाविद्यालयांना एका निराळ्या क्षेत्रात पडलेला आहे. संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा माणसाने घडविल्या, त्यांपैकी कोणती भाषा विद्यार्थ्याला शिकवावी? कंपन्या जी वापरतात ती, की जिच्यामुळे विचाराला शिस्त लागते ती? वरवर पाहता हा तज्ज्ञांचा घरगुती वाद वाटेल. वास्तविक तो तसा नाही. लक्षावधी कुटुंबे आपली पुंजी मुलांच्या अभियांत्रिकी शिक्षणावर खर्च करीत असतात, आणि चार वर्षांच्या अखेरीस मुलाच्या हाती जी विद्या पडते तिला बाजारात मोल आहे की नाही, यावर त्या घराचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून या वादाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत झाला. १९५० च्या सुमारास संगणकाला आज्ञा द्यावयाची म्हणजे यंत्राच्या अंकांच्या बोलीतच द्यावी लागे. हे काम इतके क्लिष्ट होते की, यंत्रावर जेवढा खर्च होई जवळजवळ तेवढाच ते चालविणाऱ्या माणसांच्या वेतनावर होई. आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस या गणितज्ञाने यावर उपाय सुचविला. शास्त्रज्ञ ज्या रीतीने सूत्र मांडतो त्या रीतीनेच ते यंत्राला सांगता यावे, आणि त्याचे यंत्राच्या बोलीत भाषांतर यंत्रानेच करावे, अशी ती कल्पना होती. अशा भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. बॅकसच्या मंडळीने १९५४ साली काम हाती घेतले आणि १९५७ च्या एप्रिल महिन्यात फोर्ट्रान ही भाषा ग्राहकांच्या हाती दिली.

फोर्ट्रान विद्यापीठांत कशी शिरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणा प्राध्यापकमंडळाने गुणदोषांची छाननी करून तिची निवड केली, असे क्वचितच घडले. आयबीएमने त्या काळात आपली यंत्रे विद्यापीठांना मोठ्या सवलतीने दिली, आणि काही सवलतींना संगणकविषयक अभ्यासक्रम सुरू करण्याची अट जोडलेली होती. यंत्र आले, यंत्राबरोबर त्याची भाषा आली, आणि जी भाषा यंत्राला समजे तीच वर्गात शिकविली जाऊ लागली. पुढील इतिहासातही हीच गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते. भाषेची निवड विचाराने झाली असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती यंत्र, किंमत, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा यांनीच पुष्कळदा केलेली असते.

फोर्ट्रान ही शास्त्रज्ञांची भाषा होती. व्यापारी पेढ्या, विमा कंपन्या व सरकारी खाती यांची गरज वेगळी होती. त्यांना सूत्रे सोडवायची नव्हती; पगारपत्रके, मालसाठ्याच्या नोंदी आणि खातेवह्या ठेवायच्या होत्या. १९५९ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या इमारतीत यासाठी एक बैठक भरली. यंत्रे बनविणारे कारखानदार, ती वापरणाऱ्या संस्था आणि सरकारी अधिकारी असे सुमारे चाळीस लोक तेथे जमले होते. विद्यापीठांतील पंडितांना या उद्योगात जवळजवळ स्थान नव्हते. तेथून जी भाषा निघाली ती कोबोल. तिच्यावर ग्रेस हॉपर या विदुषीने आधी तयार केलेल्या फ्लो-मॅटिक भाषेची मोठी छाप होती. कारभाऱ्यालाही वाचता यावी अशी साध्या इंग्रजी वाक्यांसारखी तिची रचना ठेवण्यात आली. १९६० च्या डिसेंबरात दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम चालवून दाखविण्यात आला. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्या यंत्रावर चालते, ही गोष्ट ग्राहकाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची होती. अमेरिकन सरकारने आपल्या खरेदीत कोबोलला पसंती दिली, आणि मग कारखानदारांना दुसरा मार्गच उरला नाही.

त्याच सुमारास युरोपात व अमेरिकेत विद्वानांची एक निराळी भाषा जन्म घेत होती. १९६० च्या जानेवारीत पॅरिस येथे तेरा तज्ज्ञ एकत्र आले व त्यांनी अल्गोल ६० चे स्वरूप निश्चित केले. तिचे व्याकरण इतक्या नेमकेपणाने मांडले गेले की, भाषेचे व्याकरण कसे लिहावे याचाच तो आदर्श होऊन बसला. परंतु या सुंदर भाषेच्या मूळ मांडणीत, यंत्रात माहिती कशी घालावी आणि उत्तर बाहेर कसे काढावे, याबद्दल एकही नियम नव्हता! ते काम ज्याचे त्याने पाहावे, असा कर्त्यांचा भाव होता. पेढीवरच्या माणसाला अशी भाषा काय कामाची? अल्गोल विद्यापीठांत व संशोधनपत्रिकांत मानाने मिरवली. कचेरीत तिला फारसा शिरकाव मिळाला नाही. तथापि पुढे ज्या भाषांनी जग जिंकले त्या बहुतेकींच्या अंगी अल्गोलचे रक्त आहे, हेही विसरता येत नाही.

अशा रीतीने १९६० च्या आरंभीच दोन घराणी वेगळी झाली. कोबोल कचेरीत कोट्यवधी ओळींनी वाढत गेली, आणि विद्यापीठातील मान्यवर तिच्याकडे तुच्छतेने पाहत राहिले. एड्सगर डायक्स्ट्रा हा डच संगणकशास्त्रज्ञ या मताचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता होता. कोबोलच्या वापराने बुद्धी पंगू होते, म्हणून ती शिकविणे हा गुन्हा मानला पाहिजे, असे त्याने १९७५ साली लिहून ठेवले. त्याच टिपणात बेसिक भाषेवरही त्याने तसाच आसूड ओढला आहे.

या बेसिकची कथा मात्र मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ हे दोन गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या कॉलेजातील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. उद्या हेच विद्यार्थी राज्यकारभारात आणि उद्योगधंद्यात अधिकाराच्या जागी बसणार. त्यांना संगणक म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर कसे चालेल, असा केमेनी-कर्ट्झ यांचा प्रश्न होता. त्यांनी एक अगदी सोपी भाषा तयार केली, आणि एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था विद्यार्थ्यांच्याच मदतीने उभारली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता बेसिकचा पहिला प्रोग्रॅम चालला. ही भाषा नोकरीसाठी केलेली नव्हती, नागरिकासाठी केलेली होती. पण १९७५ नंतर घरगुती लहान संगणक आले. त्यांच्या तुटपुंज्या स्मृतीत बसेल अशी भाषा हवी होती, आणि बेसिक तेथे नेमकी बसली. पुढे १९९१ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले, आणि जी भाषा केवळ शिकण्यासाठी जन्मली होती तिच्यावर हजारो कचेऱ्यांचे व्यवहार चालू लागले. विद्यालयाची भाषा कचेरीत गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

शिक्षणासाठी म्हणून मुद्दाम घडविलेल्या भाषांत सर्वांत प्रतिष्ठा मिळविली ती पास्कलने. झुरिच येथील तंत्रविद्यापीठात निक्लाउस विर्थ याने १९७० साली ती पुढे आणली. प्रोग्रॅम रचताना विचार पायरीपायरीने उतरला पाहिजे, मनाला येईल तेथे उडी मारता कामा नये, हा त्या काळचा मोठा विचार होता, आणि पास्कल म्हणजे त्या विचाराची जणू उजळणीची वही होती. विद्यार्थ्याने चूक केली की भाषाच त्याचा कान धरी. पंधरा-वीस वर्षे जगातील असंख्य महाविद्यालयांत पास्कल हीच पहिली भाषा होती. अमेरिकेत शाळकरी विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन दर्जाची संगणकशास्त्राची परीक्षा १९८४ साली प्रथम घेण्यात आली, ती पास्कलमध्येच. बोर्लंड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल हा कंपायलर पन्नास डॉलरांहूनही कमी किमतीत विकावयास काढला, त्यामुळे ही भाषा विद्यार्थ्याच्या खिशालाही परवडू लागली.

मग ती मागे का पडली? याचे उत्तर तिच्या गुणांतच आहे. मूळच्या पास्कलमध्ये दहा संख्यांची यादी आणि वीस संख्यांची यादी या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू मानल्या जात. दहांची यादी लावण्यासाठी लिहिलेली कृती वीसांच्या यादीला चालत नसे. वर्गात हे बंधन शिस्तीचे वाटते. रोजच्या कामात ते पायात बेडीसारखे रुतते. बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निहन याने १९८१ साली एका प्रसिद्ध लेखात अशा अडचणींचा पाढा वाचला. त्याच प्रयोगशाळेत डेनिस रिची याने १९७२ च्या सुमारास सी ही भाषा घडविली होती. सी ही शिक्षकाने केलेली भाषा नव्हती. काम करणाऱ्याने आपल्या कामासाठी केलेले ते हत्यार होते. ती चूक करणाऱ्याला अडवीत नसे. परंतु युनिक्स ही कार्यप्रणाली तिच्यात लिहिली गेली, युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळाली, आणि तिच्याबरोबर सीदेखील प्रयोगशाळेच्या दारातून आत आली. प्राध्यापक वर्गात पास्कल शिकवीत, आणि विद्यार्थी रात्री सीमध्ये काम करीत.

येथे कोणी म्हणेल की, सरकारने एक भाषा ठरवून दिली असती तर हा गोंधळ टळला असता. तोही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या कामातील शेकडो भाषांचा पसारा आवरण्यासाठी एडा नावाची नवी भाषा तयार करवून घेतली आणि १९८३ साली तिला प्रमाण ठरविले. पुढे तिच्या वापराची सक्तीही आली. काही महाविद्यालयांनी पुढचा काळ एडाचा, असे समजून ती अभ्यासक्रमात घेतली. परंतु खाजगी उद्योगांनी तिच्याकडे पाठ फिरविली, आणि १९९७ साली ती सक्ती मागे घेण्यात आली. विमाने, रेल्वेचे सिग्नल अशा जोखमीच्या कामांत एडा आजही आदराने वापरली जाते. पण हुकमाने ती सर्वांची भाषा झाली नाही. ज्या संरक्षण खात्याच्या पाठबळाने कोबोल रुजली, त्याच खात्याच्या सक्तीने एडा रुजू शकली नाही. कारण १९६० साली ते खाते संगणकाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते; १९८० नंतर घरोघरी व पेढीपेढीवर संगणक गेले, आणि बाजार त्या खात्यापेक्षा कितीतरी मोठा झाला.

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा भाषा प्रसिद्ध केली. आंतरजालाचा तो उदयकाळ होता. भाषा फुकट मिळत होती, कोणत्याही यंत्रावर चालत होती, आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींत तिचे नाव झळकत होते. आता महाविद्यालयांचा धीर सुटला. उपरोक्त अमेरिकन परीक्षेचा इतिहासच पाहावा. पंधरा वर्षे पास्कलमध्ये चाललेली ती परीक्षा १९९९ साली सी प्लस प्लसमध्ये गेली, आणि अवघ्या पाच वर्षांनी, २००४ साली, जावामध्ये. ज्या शिक्षकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक भाषा पाठ केली त्याला तिची ओळख पुरती होण्याच्या आतच दुसरी हाती घ्यावी लागली. टेक्सास विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या वर्गात हॅस्केल या गणिती भाषेच्या जागी जावा आणण्याचे ठरविले, तेव्हा वृद्ध डायक्स्ट्राने २००१ साली विद्यापीठाच्या मंडळाला पत्र लिहून विरोध केला. माणूस ज्या हत्यारांनी विचार करण्यास शिकतो त्या हत्यारांप्रमाणे त्याची बुद्धी घडते, म्हणून पहिल्या भाषेची निवड हलक्या हाताने करू नये, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

यावर कोणी म्हणेल की हा तर हस्तिदंती मनोऱ्यातील मनुष्य. कंपन्यांना तर जावा हवीच होती. पण नवलाची गोष्ट अशी की, चारच वर्षांनी हीच तक्रार एका नोकरी देणाऱ्याने केली. न्यूयॉर्क येथील एका सॉफ्टवेअर कंपनीचा संस्थापक जोएल स्पॉल्स्की याने २००५ च्या डिसेंबरात एक लेख लिहिला. विद्यापीठे सर्व काही जावामध्ये शिकवू लागल्यामुळे अवघड विषय टळतात, आणि मग हुशार विद्यार्थी कोणता व सामान्य कोणता हे निवडणाऱ्याला कळेनासे होते, असे त्याचे गाऱ्हाणे होते. कॉलेजने बाजाराची भाषा शिकविली ती बाजाराला संतुष्ट करण्यासाठी. आणि बाजारातीलच एकाने उठून सांगितले की, भाषा आमची आम्ही शिकवून घेऊ, तुम्ही डोके तयार करून द्या.

या झगड्यातील आणखी एक टप्पा मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठात, म्हणजे एमआयटीत, घडला. तेथे हॅरॉल्ड ॲबेल्सन व जेराल्ड सस्मन या दोन प्राध्यापकांनी स्कीम या छोट्या, नेटक्या भाषेच्या आधारे पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम रचला होता. १९८५ साली निघालेले त्यांचे पाठ्यपुस्तक जगभर गाजले. स्कीम वापरणारी कंपनी शोधून सापडली नसती. तरी त्या वर्गातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना कंपन्यांनी कधी नाकारले नाही. सुमारे २००८ पर्यंत मात्र तो अभ्यासक्रम बंद होऊन त्याच्या जागी पायथॉनचा वर्ग आला. सस्मनने त्याचे दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. पूर्वी अभियंता लहान, संपूर्ण समजलेले भाग जोडून मोठे यंत्र उभारी. आता त्याला दुसऱ्यांनी केलेले, पुरते न उमगलेले असंख्य भाग चाचपून पाहत कामाला लावावे लागतात. काम बदलले, म्हणून शिक्षण बदलले. पायथॉन ही ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली प्रसिद्ध केलेली भाषा. २०१४ साली झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील पहिल्या दहा संगणकशास्त्र विभागांपैकी आठ विभागांत प्राथमिक वर्गासाठी पायथॉन वापरली जात असल्याचे आढळले. अलीकडे शास्त्रीय गणन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत कंपन्याही तीच वापरतात. विद्यालय आणि कचेरी यांची भाषा एक होण्याचा हा दुर्मिळ योग म्हणावा लागेल. तो किती काळ टिकेल हे सांगणे धाडसाचे होईल.

आता आपल्या देशाकडे वळले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणक तेथील शास्त्रज्ञांनीच बांधला होता. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र आले, आणि त्यावर फोर्ट्रानचे वर्ग सुरू झाले. बाहेरच्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांसाठीही थोड्या दिवसांचे वर्ग तेथे भरत, आणि देशातील पहिल्या पिढीचे अनेक संगणकतज्ज्ञ तेथूनच तयार झाले. म्हणजे आपल्याकडेही यंत्राबरोबर भाषा आली, हाच क्रम राहिला.

पुढे मात्र आपल्याकडील वाट थोडी निराळी झाली. आपली बहुसंख्य महाविद्यालये विद्यापीठांना संलग्न असतात. अभ्यासक्रम एका मंडळाने ठरवायचा, प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढायची, आणि शिकवायचे तिसऱ्याने, अशी ही रचना आहे. बेळगाव येथे १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ घ्या. कर्नाटकातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत, आणि तेथे अनेक वर्षे स्थापत्य असो वा यंत्र, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सी भाषा शिकावी लागे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एक भाषा काढून दुसरी घालायची म्हणजे असंख्य शिक्षक, प्रयोगशाळा, जर्नल्स आणि प्रश्नसंच बदलायचे. असा बदल सावकाशीने होतो, यात नवल नाही.

या सावकाशीचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी प्लस प्लस हा कंपायलर १९९० साली, डॉस या जुन्या कार्यप्रणालीसाठी निघाला. निळ्या पार्श्वभूमीचा तो पडदा भारतातील विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी पाहिलेला आहे. सी प्लस प्लस भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप १९९८ साली निश्चित झाले आणि त्यानंतरही ते अनेकदा सुधारले गेले. आपल्या प्रयोगशाळा मात्र १९९० च्या रूपालाच चिकटून राहिल्या. नव्या यंत्रांवर तो जुना कंपायलर चालेना, तेव्हा नव्या यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग देणारा आणखी एक प्रोग्रॅम बसवून तो चालविण्यात आला! याची किंमत विद्यार्थ्याने मोजली. परीक्षेत पूर्ण गुण मिळविणारा त्याचा प्रोग्रॅम नोकरीच्या पहिल्या दिवशी, आजच्या कंपायलरपुढे, पहिल्या दोन ओळींतच अडखळे.

याचा सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. शिक्षकाला जे पुस्तक सहज मिळते व परवडते त्याच्याच आधारे तो शिकवितो. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे सी भाषेवरील सुबोध इंग्रजी पुस्तक देशभर घराघरांत गेले, आणि ज्यांच्या गावी प्रयोगशाळा नावालाच होती अशा असंख्य मुलांना त्याने आधार दिला. भाषा कोणती शिकवावी याचा निर्णय कित्येकदा असे एखादे चांगले पुस्तकच करून टाकते.

अभ्यासक्रम आणि नोकरी यांमध्ये जी दरी पडली ती बुजविण्यासाठी एक निराळाच व्यवसाय उभा राहिला. १९८० नंतर एनआयआयटी, ॲप्टेक यांसारख्या खाजगी संस्थांच्या शाखा शहरोशहरी निघाल्या. १९९० नंतरच्या दशकात इसवी सन २००० चा पेच जवळ येऊ लागला. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले असत. २००० उजाडताच यंत्राने ते १९०० समजू नये म्हणून कोट्यवधी ओळी तपासणे प्राप्त झाले. त्यांपैकी पुष्कळशा ओळी कोबोलमधील होत्या. महाविद्यालयांनी जिला कधी आदराने वागविले नाही, त्या भाषेच्या जाणकारांना एकाएकी परदेशांतून मागणी आली. भारतीय कंपन्यांनी तरुणांना काही आठवड्यांत कोबोल शिकवून ते काम अंगावर घेतले, आणि आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया त्यामुळे भक्कम झाला. हैदराबादेतील अमीरपेठ ही या पूरक शिक्षणाची जणू राजधानीच होऊन बसली. आंध्र, तेलंगण, मराठवाडा, कर्नाटक येथील पदवीधर तेथे येऊन, दाटीवाटीच्या वसतिगृहांत राहून, दोन-तीन महिन्यांत जावा, डॉटनेट, ओरॅकल असे जे बाजारात खपते ते शिकून जात. चार वर्षांची फी भरल्यावर पुन्हा ही फी! ज्याच्या बापाने शेत गहाण टाकले आहे त्याला या दुहेरी खर्चाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

परंतु मोठ्या कंपन्यांची प्रत्यक्ष रीत पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा कोणत्याही शाखेचे पदवीधर हजारोंनी घेतले आणि त्यांना काही महिने स्वतःच शिकविले. इन्फोसिस कंपनीने म्हैसूर येथे त्यासाठी विद्यापीठाच्या तोडीचा परिसर उभारला. ज्याने कॉलेजात तीन महिनेच संगणकाचा अभ्यास केला त्यालाही जर कंपनी शिकवून घेते, तर एखादी विशिष्ट भाषा ही प्रवेशाची खरी अट नव्हती, हे उघड आहे. पाहिले जाई ते हे की, हा मुलगा वा ही मुलगी नवे चटकन शिकते की नाही. लहान कंपन्यांना मात्र एवढे शिकविणे परवडत नाही. त्यांना आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागलेला हवा असतो. भाषेचा आग्रह मुख्यतः त्यांचा असतो, आणि तोही त्यांच्या परीने रास्तच आहे.

अलीकडच्या काळात आपल्याकडेही हालचाल झाली आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात २०२० च्या सुमारास सी प्लस प्लस मागे पडून पायथॉन आली. पुणे विद्यापीठाने २०१९ च्या आराखड्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी पायथॉन घेतली. हा बदल इष्टच आहे. मात्र जर्नलातील तयार प्रोग्रॅम उतरवून काढण्याची जुनी रीत नव्या भाषेतही तशीच चालू राहिली, तर नुसते भाषेचे नाव बदलून काय साधणार?

कोबोलची कथा २००० साली संपली असे मात्र नव्हे. २०२० च्या एप्रिलात महामारीमुळे अमेरिकेत बेकारांचे अर्ज प्रचंड संख्येने येऊ लागले. न्यू जर्सी राज्याची भत्त्याची जुनी यंत्रणा त्या भाराखाली वाकली, आणि राज्याच्या गव्हर्नरला कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीस यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. येथे पुण्याच्या पेशवे दप्तराची आठवण होते. तेथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल भरलेले आहेत. विसाव्या शतकात शाळांतून मोडी गेली, तिचा रोजचा वापरही संपला. कागद मात्र राहिले, आणि आज ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. कोबोलची अवस्था याहून बिकट आहे. मोडी कागद स्वस्थ पडून आहेत; कोबोलचे कागद, म्हणजे बँकांचे व सरकारांचे जुने प्रोग्रॅम, रोज चालूच आहेत.

या सर्व इतिहासातून काय निष्पन्न होते? कचेरीला नेहमी नवे हवे असते आणि कॉलेज नेहमी जुने शिकविते, हा समज अर्धाच खरा आहे. कचेरीत जुने सर्वांत अधिक काळ टिकते, कारण चालू असलेले काम मोडून पुन्हा उभारण्याचा खर्च तिला नको असतो. नवे कित्येकदा विद्यालयातच जन्मते. दुसरे असे की, नोकरीचा काळ पस्तीस-चाळीस वर्षांचा असतो, आणि तेवढ्या काळात बाजाराची आवडती भाषा तीन-चार वेळा बदलते. १९८५ साली पास्कल शिकलेला विद्यार्थी सी, जावा व पायथॉन या तिन्हींच्या राज्यातून गेलेला आहे. जो केवळ पास्कलचे शब्द शिकला तो मागे राहिला. जो पायरीपायरीने विचार करणे, माहितीची रचना ठरविणे, आपली चूक आपण शोधून काढणे या गोष्टी शिकला, त्याला पुढच्या भाषांनी अडविले नाही. २०२२ नंतर तर यंत्रेच मागाल त्या भाषेत प्रोग्रॅम लिहून देऊ लागली आहेत. अशा वेळी लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे पारखणाऱ्याचे मोल वाढते. आणि ती पारख शब्दांच्या पाठांतराने येत नाही.

म्हणून महाविद्यालयांनी एक भाषा खोलवर शिकवावी, आणि पदवीपूर्वी तिच्याहून अगदी निराळ्या घडणीची दुसरी एक भाषा विद्यार्थ्याकडून शक्य तितकी स्वतःच्या बळावर शिकवून घ्यावी. पहिली भाषा शिकताना भाषा कळते. दुसरी शिकताना भाषा कशी शिकायची ते कळते, आणि जन्मभर पुरते ते हेच. जी भाषा शिकवायची तिचे आजचे, चालते रूप शिकवावे. परीक्षेच्या सोयीसाठी तीस वर्षांपूर्वीचे रूप विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि पालकांनी कॉलेज निवडताना कोणती भाषा शिकवितात एवढेच न विचारता, प्रयोगशाळेत मुले स्वतः काय करतात हेही विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचे दार उघडून आत डोकवावे लागेल.